पुढील महामारीची लस आणि आपले अरण्यप्रदेश

चरकसंहितेतील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात वायू, जल, देश व काल यांच्या विकृतीने संपूर्ण जनपद एकाच वेळी कसे रोगग्रस्त होते याचे विवेचन आहे. औषधसंग्रह आपत्तीपूर्वीच करावा, हा त्यातील उपदेश आपणांस परिचित आहे. पुढील महामारीत लस कोणत्या गुणांची असावी, याचा आज गणिती प्रारूपांच्या साहाय्याने चाललेला विचार त्याच जातीचा आहे.

लस संसर्ग रोखते की केवळ गंभीर आजार टाळते, संरक्षण किती काळ टिकते, मात्रा किती लागतात, हे गुण बदलून साथीवरील परिणाम अशा प्रारूपांत पडताळतात. एक साधा हिशेब पाहू. एका रुग्णापासून सरासरी तिघांना लागण होत असेल, तर साथ ओसरण्यास सुमारे ६७ टक्के लोक संरक्षित हवेत. संसर्ग ९५ टक्के रोखणारी, परंतु अतिशीत साठवण व दोन मात्रा लागणारी लस ५५ टक्के लोकांपर्यंतच पोहोचली, तर संरक्षण ५२ टक्के. ८० टक्के गुणाची, एकाच मात्रेची लस ८५ टक्क्यांपर्यंत पोहोचली, तर ६८. गुणाने उणी असलेली लस येथे सरस ठरते. अर्थात गुण ६७ टक्क्यांखाली गेल्यास सर्वांना टोचूनही ही साथ केवळ लसीने थांबणार नाही. म्हणून पोहोच महत्त्वाची, पण गुणाला पर्याय नव्हे.

मे २०२१ मध्ये कोविशील्डच्या दोन मात्रांतील अंतर १२ ते १६ आठवडे करण्यात आले. मेअखेर पहिली मात्रा घेणाऱ्याची दुसरी मात्रा ऐन पावसाळ्यात आली. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे आपण जाणतो. दोन मात्रांतील अंतर म्हणजे येथे मधली नदी होय. तेंदूपत्त्याचा हंगाम, भाताची रोवणी, वीजपुरवठा व माडिया भाषेतून मिळणारा विश्वास हे घटक प्रारूपात धरले नाहीत, तर त्याचे उत्तर शहरापुरतेच खरे राहील.

पुण्याच्या जेनोवा कंपनीच्या जेमकोव्हॅक-ओएम या एमआरएनए लसीस जून २०२३ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. शीतशुष्क स्वरूपामुळे ती २ ते ८ अंश तापमानात टिकते व सुईविना त्वचेत देता येते. संशोधनाची ही दिशा आपल्या जिल्ह्यांच्या हिताची आहे.

वैद्यबंधू-भगिनींनो व औषधविक्रेत्यांनो, कोणती गावे कोणत्या महिन्यांत तुटतात, आठवडी बाजार कोठे भरतो, अखंड विजेचे शीतकपाट कोणाकडे आहे, ही माहिती आपल्याजवळ आहे. ती संकलित करून जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागास आताच द्यावी. तसेच कोणताही काढा लसीचा पर्याय म्हणून कोणी देऊ नये. रुग्णाचा आपल्यावरील विश्वास ही शीतसाखळीइतकीच जपण्याची वस्तू आहे.