भूमिकांविना ‘मी’ कुठला?

‘आधी माझी ओळख, मग नाती’ हा आजच्या सुशिक्षितांचा आवडता युक्तिवाद! जबाबदारी म्हणजे बेडी आणि ती तोडणारा तो स्वतंत्र, असे म्हणताना संन्याशांचेही दाखले दिले जातात. घर सोडूनच ते थोर झाले ना?

अशांनी कारंजा लाड येथे जन्मलेल्या श्री नृसिंह सरस्वतींचे चरित्र उघडावे. चौदाव्या शतकातील या बालकाला संन्यासाची ओढ होती. परंतु आई अंबा व्याकूळ होताच ते थांबले. ‘गुरुचरित्रा’नुसार, तिला जुळे पुत्र झाल्यावरच त्यांनी काशीची वाट धरली. दीक्षेनंतर, वाडी व गाणगापूर येथील वास्तव्यापूर्वी, यतिवेषात कारंजास येऊन ते मातापित्यांना भेटले. पुत्राची भूमिका त्यांनी झुगारली नाही; ती पार पाडून पुढचा आश्रम स्वीकारला.

आज गावोगावी वृद्ध आईवडील एकटे आहेत, मुले पुण्यात वा परदेशात. दूर जाणे हा दोष नव्हे. पैसे पाठवले की पुत्रधर्म संपला, ही समजूत दोषास्पद आहे. ज्येष्ठांच्या चरितार्थासाठी संसदेला २००७ मध्ये कायदा करावा लागला, याची लाज समाजाला वाटावयास हवी. त्या कायद्याने निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये ठरवली. न्यायाधिकरण भत्ता देववील. पुत्र कोठून देणार?

पुत्र, पिता, शिक्षक, नागरिक ही नाती वजा केल्यावर उरणारा ‘मी’ कोणाच्या कामाचा?