सेनाधिकाऱ्यांचे प्रदेशज्ञान कुणाच्या कामी?

सैनिकाने ग्रंथ हाती घेतला की शांततावाद्यांनी आनंद मानावा, अशी एक समजूत आहे. ज्या देशात फौज जायची त्या देशाची भाषा, इतिहास, धर्म आणि जमीनधारणा जाणणारा अधिकारी अडाणी अधिकाऱ्यापेक्षा कमी रक्त सांडील, हा तिच्यामागचा तर्क. अमेरिकेने या तर्काला संस्थेचे रूप दिले आहे. तेथील सैन्यात ‘फॉरिन एरिया ऑफिसर’ असा एक स्वतंत्र वर्गच आहे. काही वर्षे पलटणीत काढलेल्या निवडक अधिकाऱ्याला कॅलिफोर्नियातील माँटेरे येथील लष्करी संस्थेत अरबी, रशियन वा चिनी यांसारखी भाषा शिकवतात, त्या प्रदेशात काही काळ राहायला पाठवतात आणि विद्यापीठातून त्या प्रदेशाच्या अभ्यासाची पदव्युत्तर पदवी घ्यायला लावतात. पुढे तो वकिलातीत लष्करी प्रतिनिधी किंवा सेनापतीचा सल्लागार होतो.

या अधिकाऱ्यांचे परिश्रम खरे आहेत. त्यांची थट्टा करण्याचे कारण नाही. प्रश्न दोन आहेत. हे ज्ञान कुणाच्या कामी येते? आणि ते अप्रिय सत्य सांगू लागले म्हणजे त्याचे काय होते?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मराठी माणसाने अन्यत्र शोधायला नको. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्याचा कर्ता ग्रँट डफ हा कंपनीच्या फौजेतील कॅप्टन आणि साताऱ्याच्या दरबारातील इंग्रजांचा प्रतिनिधी होता. १८३१ चा मराठी-इंग्रजी कोश रचणारा मोल्सवर्थ हाही लष्करी अधिकारीच. त्याच्या कोशावाचून आजही अभ्यासकाचे पान हलत नाही. म्हणजे ज्ञान अस्सल होते, कष्टाने मिळवलेले होते. तथापि ज्यांच्याविषयी ते होते त्यांच्यावर राज्य चालवण्यासाठी ते राज्यकर्त्यांना हवे होते. ज्ञानाच्या अस्सलपणाने त्याचा हेतू निर्दोष ठरत नाही.

विसाव्या शतकात हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडली. १९६४ मध्ये अमेरिकी भूदलाने ‘कॅमेलॉट’ नावाची संशोधन योजना आखली. गरीब देशांत बंडे का होतात आणि ती होण्याआधीच कशी रोखावीत, हे समाजशास्त्रज्ञांकडून शोधून घ्यायचे होते. भूक, जमीनदारी आणि दडपशाही ही बंडाची कारणे दूर करावीत की बंडखोरांना दूर करावे, या प्रश्नाचे उत्तर पैसा कोठून येतो यावरूनच ठरलेले होते. चिलीतील विद्वानांना याचा सुगावा लागला, गदारोळ झाला आणि जुलै १९६५ मध्ये योजना गुंडाळावी लागली. ती मोडली लष्कराच्या विवेकाने नव्हे, तर विद्यापीठांतील आणि वृत्तपत्रांतील उघड चर्चेने.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर याहून बोलके आहे. जनरल स्टिलवेल हा १९२० नंतरच्या वर्षांत पेकिंगला राहून चिनी शिकलेला अधिकारी. दुसऱ्या महायुद्धात तो चीनमध्ये परतला तेव्हा चँग कै-शेकची राजवट आतून किडलेली आहे, हे त्याने ओळखले आणि ते बोलूनही दाखवले. ऑक्टोबर १९४४ मध्ये चँगच्या हट्टापायी त्याला परत बोलावण्यात आले. हेच सत्य लिहून कळवणारा वकिलातीतील अधिकारी जॉन सर्व्हिस याला १९५१ मध्ये बडतर्फ केले गेले. ती बडतर्फी बेकायदा होती, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये सांगितले. तोवर चीन जाणणाऱ्यांनी तोंड उघडू नये, हा धडा सर्वांनी घेतला होता.

इराकमध्ये तेच झाले. फेब्रुवारी २००३ मध्ये, म्हणजे आक्रमणाच्या आधी, अमेरिकी भूदलाच्याच वॉर कॉलेजातील अभ्यासकांनी इशारा दिला होता की इराकी सैन्य मोडू नका, त्या समाजाला एकत्र ठेवणाऱ्या मोजक्या शक्तींपैकी ते एक आहे. मे २००३ मध्ये वॉशिंग्टनच्या प्रशासकाने एका हुकमाने ते सैन्य बरखास्त केले. लाखो शस्त्रधारी माणसे एका दिवसात बेकार झाली आणि पुढचा रक्तपात सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा उणीव ज्ञानाची नव्हती. ज्ञान कपाटात होते आणि निर्णय दुसऱ्याच खोलीत होत होता. युद्ध चालवण्यासाठी तज्ज्ञाला बोलावले जाते. युद्ध करावे की नाही, हे मात्र त्याला विचारले जात नाही.

आपण भारतीयांनी यावर समाधानाने हसावे अशी परिस्थिती नाही. जुलै १९८७ च्या करारानंतर आपली फौज शांतिसेना म्हणून श्रीलंकेत गेली. ज्या तमिळ वाघांची शस्त्रे उतरवून घ्यायची, त्यांच्याशीच ती काही महिन्यांत युद्धात गुंतली. मार्च १९९० मध्ये ती परतली तेव्हा अकराशेहून अधिक जवान गमावले होते, आणि जाफन्यातील सामान्य तमिळ माणसाच्या यातना वेगळ्याच. असे करार करण्यासाठी सरकारला संसदेची पूर्वसंमती लागत नाही. त्या वेळी श्रीलंकेचे राजकारण आतून जाणणारे किती लोक दिल्लीबाहेर, विद्यापीठांत आणि पक्षकार्यालयांत होते?

वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजातील अधिकाऱ्यांना मद्रास विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी मिळते, खडकवासल्याच्या छात्रांना जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची. या संबंधाला विरोध करण्याचे कारण नाही. उलट तो अधिक खरा व्हावा. विद्यापीठाने केवळ पदवीवर शिक्का मारू नये. अधिकाऱ्याने सामान्य विद्यार्थ्यांच्या शेजारी बसून, लष्कराच्या हुकमतीबाहेरच्या प्राध्यापकाकडून शिकावे आणि गोपनीय नसलेले प्रबंध सर्वांसाठी खुले असावेत.

याहून महत्त्वाची मागणी नागरिकांसाठी आहे. सिंहली, बर्मी, नेपाळी, तिबेटी या शेजाऱ्यांच्या भाषा आपल्या विद्यापीठांत नीट शिकवल्या गेल्या पाहिजेत. शेजाऱ्याची ओळख केवळ गणवेशधारी माणसाला असेल, तर शेजारी हा आपल्याला कायम लष्करी प्रश्नच वाटत राहील. हुकूम सुटण्यापूर्वी ‘का?’ असे विचारण्याइतके ज्ञान ज्या जनतेपाशी नाही, तिच्या नावाने कोणीही युद्ध पुकारू शकतो.