आधी चालू वॉकीटॉकी द्या

गाड्यांची टक्कर टाळणाऱ्या 'कवच' यंत्रणेवरचा आपल्या दैनिकातला गेल्या आठवड्यातला लेख वाचला. टॉवर आले, फायबर आले, कोटींचे आकडे आले. पण इंजिनातला लोको पायलट आणि शेवटच्या डब्यातला गार्ड एकमेकांशी बोलतात कशावर, याबद्दल एक ओळही नाही.

१७ जून २०२४ ला पश्चिम बंगालमधील रंगापाणीजवळ मालगाडीने कांचनजंगा एक्स्प्रेसला मागून धडक दिली, दहा जीव गेले. रेल्वे बोर्डाने त्याच दिवशी मालगाडीच्या मृत लोको पायलटवर ठपका ठेवून टाकला. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या अहवालात मात्र निघाले की त्या लोको पायलटला आणि त्याच्या गार्डला वॉकीटॉकी दिलेलाच नव्हता! पहाटेपासून स्वयंचलित सिग्नल बिघडलेले, गाड्या कागदी परवान्यावर सोडलेल्या, आणि अशा वेळी हाती बोलायचे साधन नाही. मेलेल्या माणसाला दोष देणाऱ्यांनी याचे उत्तर द्यायला नको?

जिथे संच आहे तिथेही तो पाच वॅटचा. एकाने बटण दाबले की दुसऱ्याने थांबायचे. डोंगर आडवा आला की आवाज तुटतो. आणि कसारा-इगतपुरी घाटात तर बँकर इंजिने मागून गाडी ढकलत असतात, तिथे पुढच्या-मागच्याचा ताळमेळ क्षणभरही चुकून चालत नाही. मुंबईच्या लोकलमध्ये मोटरमन नियंत्रण कक्षाशी रेडिओवर थेट बोलतो. मग मालगाडीवाल्यांनी काय पाप केले?

९ जून २०२१ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातले ५ मेगाहर्ट्झ स्पेक्ट्रम रेल्वेला स्वतःच्या रेडिओ संवाद यंत्रणेसाठी दिले. खर्च २५ हजार कोटींहून अधिक, मुदत पाच वर्षे. आज किती किलोमीटर मार्गावर लोको पायलट त्या यंत्रणेवरून बोलतो? रेल्वेमंत्र्यांनी विभागवार आकडा जाहीर करावा. नुसते 'काम प्रगतिपथावर आहे' नको.

२०२२ मध्ये गार्डला 'ट्रेन मॅनेजर' हे पदनाम दिले. पण मालगाडीच्या कितीतरी ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गार्डच्या डब्यात, आजही धड दिवा नाही, शौचालय नाही. रात्रभर तिथे एकटा बसणारा माणूसच मागच्या गाडीला सावध करणार, हे अधिकाऱ्यांना ठाऊक नाही असे कसे म्हणावे?

ड्युटीवर हजर होताना दोघांच्या हाती चालू स्थितीतला संच पडला नाही, तर गाडी सोडायची नाही, असा आदेश काढा. त्याला मंत्रिमंडळाची मंजुरी लागत नाही.

– एक वाचक, भुसावळ