बेडकाचं आडनाव

बेडूक आणि मी यांचा संबंध आजवर पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री न्हाणीघरात समोरासमोर येऊन दोघांनी एकदमच उडी मारण्यापुरता होता. पण गेल्या वर्षी मुलाकडे अमेरिकेला गेलो आणि नातवाने मला एका मत्स्यालयात काचेपुढे उभं केलं. आत निळाजर्द बेडूक! धोब्याच्या निळीत बुडवून काढल्यासारखा.

"आजोबा, जंगलात हा विषारी असतो. तिथे मुंग्या आणि बारीक कोळीकिडे खातो ना, त्यातून विष येतं. इथे जन्मलेल्यांना नसतं."

अन्नाबरोबर विषही सुटतं, हे मला पेन्शनीत निघाल्यापासून ठाऊक होतं. पण नातू पुढे म्हणाला, "पाटीवरचं नाव मात्र जुनं आहे."

हे मी परतल्यावर शेजारच्या अण्णांना सांगितलं आणि फसलो. "रिकामटेकडे लेकाचे!" अण्णा कडाडले. "बेडूक तोच, नाव रोज नवं! एकदा काय ते ठरवा म्हणावं!"

आता अण्णांशी वाद घालणं म्हणजे म्युनिसिपालिटीच्या नळाशी वाद घालणं. तरी या बाबतीत मी बेडकांच्या बाजूने आहे, हे इथे छापून जाहीर करतो.

हा निळा बेडूक दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामचा. १९६९ साली होगमूड यांनी त्याला स्वतंत्र जात मानून 'अझ्युरियस' नाव दिलं. २००६ साली आनुवंशिक तपासणीत निघालं, की हा शेजारपाजारच्या पिवळ्या-काळ्या 'टिंक्टोरियस'चाच भाऊबंद. वेगळा तो फक्त रंगाने. उलट पनामात बोकास देल तोरोच्या बेटांवर एका बेटावर लाल, दुसऱ्यावर हिरवा, कुठे निळा, कुठे पिवळा. आणि सगळे मिळून जात एकच, 'प्युमिलिओ'. म्हणजे रंगावरून जात ठरवायची नाही, एवढी गोष्ट बेडकांच्या बाबतीत तरी शास्त्राने मान्य केली आहे. आपल्याकडे मुलगी 'दाखवायला' येणाऱ्यांना ती अजून पटायची आहे.

आणि नाव बदलण्याचं म्हणाल, तर या प्युमिलिओला १८५७ साली श्मिट यांनी 'डेंड्रोबॅटिस' घराण्यात घातलं होतं. आज तो 'ऊफागा' घराण्यात आहे. ऊफागा म्हणजे अंडं खाणारे. याची आई पिल्लाला पाठीवर घेऊन झाडावर चढते, पानाच्या बेचक्यातल्या पाण्यात ठेवते आणि स्वतःची न फळलेली अंडी भरवून वाढवते. नुसत्या तोंडवळ्यावरून नव्हे, तर घराण्याची रीत आणि रक्ताचं नातं तपासून आडनाव बदललं. 'प्युमिलिओ' हे पाळण्यातलं नाव तसंच ठेवलं. आम्ही मात्र ताम्हणात तांदूळ पसरून, अंगठीने दोन अक्षरं गिरवून अख्ख्या बाईचं नाव-आडनाव एका मिनिटात बदलतो. पुरावा काय, तर भटजींना घाई आहे!

पण बेडकाचं नाव हा नुसता हौसेचा मामला असता, तर मी अण्णांना जिंकू दिलं असतं. कोलंबियातला 'लेहमानी' बघा. १९७६ साली मायर्स आणि डॅली यांनी त्याला नाव दिलं. जंगलतोड आणि शौकिनांसाठी होणारी चोरटी पकड यांमुळे आज तो नामशेष होण्याच्या काठावर आहे. उद्या कुणी न तपासता म्हणालं, "हा त्या शेजारच्या हिस्ट्रिओनिकाचाच एक रंग," तर यादीतली त्याची ओळ खोडली जाईल आणि त्याच्यासाठी कुणी कायदा दाखवायला उभं राहणार नाही. नाव म्हणजे त्या जिवाचं रेशनकार्ड आहे, अण्णा. चुकलं असेल तर दुरुस्त केलंच पाहिजे. आणि दुरुस्ती करणाऱ्याला रिकामटेकडा म्हणणाऱ्याने आपलं स्वतःचं कार्ड एकदा तपासावं.

हे सगळं ऐकून अण्णा गुरगुरले, "बरं, बरं." मीही सोडलं नाही. विचारलं, "वहिनींचं माहेरचं नाव काय हो?"

अण्णा थांबले. काठी आपटली. आठवेना.

दुसऱ्या दिवशी फिरायला आले ते जरा मऊ आवाजात म्हणाले, "काल रात्री विचारलं तिला. शकू म्हणायचे घरी. त्रेपन्न वर्षांत कुणी त्या नावाने हाक मारली नाही म्हणाली."

बेडकांचा विषय त्यानंतर त्यांनी काढला नाही.