उसन्या नावाचं विमान

जुन्या युद्धविमानांचे व्हिडिओ तुमच्याही फोनवर येत असतील. चार पंख्यांचं अवजड बॉम्बर धावपट्टीवरून उठतं, मागे गंभीर संगीत वाजतं आणि खाली कुणीतरी लिहितं, ‘हा खरा इतिहास!’ मी हे व्हिडिओ आवडीने बघतो. भांडण आहे ते त्या ‘खरा’ या शब्दाशी. कारण त्यातल्या सगळ्यात लाडक्या विमानांपैकी एक होतं ‘नाइन-ओ-नाइन’ नावाचं बी-१७, आणि त्याच्या अंगावरचं नावच त्याचं नव्हतं.

खरं ‘नाइन-ओ-नाइन’ वेगळं होतं. त्याच्या क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे ९०९, म्हणून हे नाव. १९४४मध्ये ते इंग्लंडमधल्या बॅसिंगबॉर्न तळावरून उडायला लागलं आणि त्याने १४० मोहिमा केल्या. एकदाही अर्ध्यातून परतलं नाही, त्यातला एकही माणूस मारला गेला नाही. युद्ध संपलं, विमान अमेरिकेला परत गेलं आणि मोडीत निघालं. देशासाठी १४० वेळा मरणाच्या दारातून परत आलेल्या विमानाची किंमत शेवटी ॲल्युमिनियमच्या वजनावर ठरली. असो, तेव्हा हजारो विमानांचं तेच झालं. बारा हजारांहून जास्त बी-१७ बनली होती, ठेवणार कुठे?

आता दुसरं विमान. ते डग्लस कंपनीने बांधलं आणि १९४५च्या एप्रिलमध्ये सैन्याला दिलं. महिन्याभरात जर्मनीने शरणागती पत्करली, म्हणजे त्याने युद्ध पाहिलंच नाही. पुढे ते समुद्रात अडकलेल्यांच्या सुटकेच्या कामावर होतं. मग १९५२ साली त्याला नेवाडाच्या वाळवंटात नेऊन उभं केलं आणि तीन अणुस्फोटांना तोंड द्यायला लावलं. स्फोटाने विमानाचं काय होतं, हे बघायचं होतं. तेरा वर्षं ते तसंच पडून राहिलं. किरणोत्सर्ग ओसरल्यावर भंगारात विकलं गेलं. घेणाऱ्याने ते दुरुस्त केलं, पोटात पाण्याच्या टाक्या बसवल्या, आणि पुढची वीसेक वर्षं हे बॉम्बर पेटलेल्या जंगलांवर पाणी ओतत फिरलं.

जरा थांबून बघा हे चरित्र. माणसं मारायला बनवलेलं यंत्र, ज्याने एकही बॉम्ब टाकला नाही. अणुबॉम्बची धग सोसली आणि मग आगी विझवल्या. अशी पटकथा कुणी लिहिली तर निर्माता म्हणेल, जरा जास्तच झालं.

१९८६मध्ये अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशन या संस्थेने ते घेतलं, नव्यासारखं केलं आणि हे सगळं चरित्र रंगाखाली गाडून त्यावर ‘नाइन-ओ-नाइन’ लिहिलं. आपण हे श्रद्धांजली म्हणून करतोय, अशी भूमिका होती. मेलेल्याचं नाव जिवंताला देतात, तसं. पण आजोबांचं नाव नातवाला दिलं म्हणून नातवाचा जन्मदाखला कुणी फाडत नाही. माझ्या मते कारण साधं आहे. युद्धातल्या शौर्याचं तिकीट खपतं, आग विझवणाऱ्याचं खपत नाही. आणि तिकिटं होतीच. या विमानातून पैसे घेऊन सामान्य लोकांना सफर घडवली जायची. इतक्या जुन्या विमानात एरवी असे प्रवासी नेता येत नाहीत, त्यासाठी संस्थेने अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाकडून खास सवलत मिळवली होती.

२ ऑक्टोबर २०१९ला सकाळी कनेटिकट राज्यातल्या ब्रॅडली विमानतळावरून ते उडालं. आत तेरा जण. काही मिनिटांतच एका इंजिनाने दगा दिला, वैमानिकाने ते बंद करून विमान परत वळवलं. धावपट्टीपर्यंत पोचण्याआधीच ते खाली आलं, घसरत जाऊन आदळलं आणि पेटलं. सात जण गेले.

तपासात जे निघालं ते वाचून मला दुःखापेक्षा राग जास्त आला. त्याच चौथ्या इंजिनाचे ठिणगी देणारे दोन्ही मॅग्नेटो नीट चालत नव्हते. एकाची तार सुटली होती आणि तारेनेच जुगाड करून बांधली होती. शेजारच्या तिसऱ्या इंजिनाचीही ताकद घटली होती. विमान चालवणारा आणि देखभालीची जबाबदारी असलेला माणूस एकच. तपास मंडळाने मुख्य दोष दिला तो इंजिन बंद केल्यावर वेग आणि विमानाची स्थिती न सांभाळण्याला, पण सोबत निष्काळजी देखभाल, संस्थेची कुचकामी सुरक्षाव्यवस्था आणि सरकारची ढिली नजर यांचीही नावं घेतली. प्रवासी नेण्याची सवलत २०२०मध्ये काढून घेतली गेली. सात माणसं गेल्यावर.

यावर विमानवेडे म्हणतात, ‘उडत नाही ते विमान मेलेलं.’ हे वाक्य मी फार ऐकलंय. ऐकायला भारी आहे, एवढंच. नोव्हेंबर २०२२मध्ये डॅलसच्या हवाई प्रदर्शनात ‘टेक्सस रेडर्स’ हे आणखी एक बी-१७ दुसऱ्या जुन्या विमानाच्या धडकेत आकाशातच फुटलं. सहा जण गेले. आता ते जिवंत आहे का? ‘मेम्फिस बेल’ मात्र आहे. अस्सल, युद्धात लढलेलं, डेटनच्या संग्रहालयात जमिनीवर उभं, आणि त्याचं नाव त्याचंच आहे. ते उडत नाही म्हणून कुणाला ते कमी कळतं?

मला उडणाऱ्या जुन्या विमानांचा सरसकट द्वेष नाही. ब्रिटिश हवाई दल आपलं लँकेस्टर स्वतः उडवतं. सांभाळायला दल आहे, सफरीची तिकिटं विकत नाही. तिथे माझा विरोध बराच मवाळ होतो. पण गंमत बघा, त्या लँकेस्टरनेही युद्ध पाहिलेलं नाही आणि तेही दुसऱ्या विमानांच्या खुणा अंगावर घेऊन फिरतं. म्हणजे खोड एका संस्थेची नाही.

आणि ही खोड आपल्यापर्यंत येते. याच कॉलिंग्ज फाउंडेशनकडे एक बी-२४ लिबरेटर आहे. ‘ऑल अमेरिकन’, ‘ड्रॅगन अँड हिज टेल’, ‘विचक्राफ्ट’ अशी तीन अमेरिकी नावं त्याला आळीपाळीने देऊन झाली. प्रत्यक्षात ते १९४४मध्येच ब्रिटिशांकडे गेलं, आणि १९६८पर्यंत भारतीय हवाई दलाचं होतं.

त्याची गोष्ट कानपूरची आहे. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी लिबरेटर तिथे टाकून दिली, पुन्हा उडू नयेत म्हणून मुद्दाम मोडतोड करून. स्वतंत्र भारताकडे लांब पल्ल्याचं बॉम्बर नव्हतं, नवीन घ्यायला पैसे नव्हते. मग हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी भंगारातून सुटे भाग शोधून तिसाहून जास्त विमानं उभी केली. उडण्यापुरती डागडुजी करून ती एकेक बंगळूरला नेली आणि तिथे नीट केली. १९४८मध्ये त्यांच्यावर आपल्या पाचव्या स्क्वाड्रनची उभारणी झाली. १९५१मध्ये सहावं स्क्वाड्रन पुण्यात पुन्हा उभं राहिलं ते याच लिबरेटरांवर, समुद्रावर नजर ठेवण्यासाठी. जगाने ही विमानं केव्हाच मोडीत काढलेली असताना लोहगावातून ती उडत होती. पुण्यात वाढलेल्या किती जणांना हे माहीत आहे?

अमेरिकेत उत्साहाने त्या ‘विचक्राफ्ट’समोर सेल्फी काढणाऱ्या आपल्या पोरांना तरी कुठून कळणार? नाकावरच्या चित्रात कानपूर नाही. ते यंत्र वाचलंच ते इथल्या फिटरांच्या हातांमुळे, आणि नाव मिळालं ते दुसऱ्याच विमानाचं. त्या फिटरांसाठी विमानाच्या अंगावर दोन ओळी लिहायला किती रंग लागला असता?

दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात एक लिबरेटर उभं आहे, भारतीय चिन्हांसह. त्यात बसवून कुणी फिरवत नाही. त्याचे व्हिडिओ व्हायरल होत नाहीत. दिल्लीला गेलात तर लाल किल्ल्याच्या रांगेतला थोडा वेळ त्याला द्या.