गाडी किती उंच करावी?

पावसाळा सरत आला कीं आमच्याकडे एकाच आशयाचीं पत्रें येऊं लागतात. घरांत थार किंवा जिम्नी आलेली असते. चिरंजीवांस ती दोन-तीन इंच उंच करून हवी असते, आणि वडीलधाऱ्या मंडळींस हा खर्च निव्वळ चैनीचा वाटतो. वाद पैशांचा म्हणून मांडला जातो. पण ज्या गाडींतून घरचीं माणसें घाट उतरावयाचीं, तिचा तोल हा पैशांहून मोठा प्रश्न आहे.

आरंभींच एक गैरसमज दूर केला पाहिजे. उंच स्प्रिंगा बसविल्यानें गाडीचें धूड वर जातें, आंस वर जात नाहीं. जिम्नीच्या दोन्ही आंसांवर, आणि थारच्या मागील आंसावर, जो डिफरन्शियलचा गोळा असतो तो पूर्वीइतकाच जमिनीजवळ राहतो. दगडास अडकावयाचा तो अडकतोच. तो वर न्यावयाचा तर टायरच मोठे हवेत, आणि टायरचा व्यास दोन इंच वाढवावा तेव्हां आंस एक इंच वर येतो. स्प्रिंगांच्या उंचीचा लाभ एवढाच कीं, मोठ्या टायरांस जागा होते व उंचवटा ओलांडतांना गाडीचें पोट टेकत नाहीं.

२०२० सालीं आलेल्या थारचें प्रत्येक पुढील चाक स्वतंत्र हालतें. ती उंच केली कीं चाकांस गति देणारे दांडे तिरपे होतात, आणि त्यांच्या सांध्यांवर व रबरी टोप्यांवर ताण पडतो. जिम्नीचा पुढील आंस अखंड आहे. तिची तऱ्हा निराळी. धूड वर जातांच आंसास मध्यावर राखणारा आडवा दांडा त्याला एका बाजूस ओढतो, आणि चाकें ज्या कलावर वळतात, कारागीर ज्यास कॅस्टर म्हणतात, तो कमी होतो. म्हणून संच निवडतांना केवळ चार स्प्रिंगांवर भुलूं नये. त्यांच्या लांबीस जुळणारे शॉक अब्सॉर्बर, लांब ब्रेकनळ्या, कमीजास्त करतां येणारा आडवा दांडा व कॅस्टर सुधारणारे भाग त्यांत आहेत कीं नाहींत, तें पाहावें. स्प्रिंगांची ताठरताही विचारावी. लोखंडी बंपर व विंच यांच्या भारासाठीं केलेल्या स्प्रिंगा रिकाम्या गाडीस लावल्या, तर मागें बसणाऱ्यांचीं हाडें खिळखिळीं होतात.

हें आम्ही पुस्तकी ज्ञानावरून सांगत नाहीं. आमच्या पुतण्यानें एका कारखान्यांत आपली जिम्नी तीन इंच उंच करविली. कॅस्टरचा विचार तेथें कोणींच केला नव्हता. मूळची जिम्नी रुंदीस १६४५ मि.मी. आणि उंचीस १७२० मि.मी.; म्हणजे आधींच रुंदीहून उंच! मातुःश्रींस चढण्याकरितां लाकडी पाट बरोबर घ्यावा लागे, त्याचें हंसूं होई. आंबेनळी घाट उतरतांना मात्र कोणी हंसलें नाहीं. वळण संपलें तरी स्टिअरिंग आपण होऊन सरळ होईना. दर वळणावर तें हातानें ओढून आणावें लागे, आणि गाडी कडेकडे झुके. पोलादपुरास पोहोंचेपर्यंत मातुःश्रींचें स्तोत्र थांबलें नाहीं.

कायद्याची बाजू दुकानदार सहसा काढीत नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम, उत्पादकानें ठरविलेल्या मूळ स्वरूपाहून गाडी भिन्न होईल असा फेरफार करण्यास मालकास मनाई करितें. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें हाच अर्थ उचलून धरला. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें अशा प्रत्येक फेरफारास ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेविली. तेव्हां परिवहन कार्यालयाचें लेखी उत्तर हातीं आल्यावांचून व विमा कंपनीस कळविल्यावांचून पैसे देऊं नयेत.

पत्रलेखकांस आमचें उत्तर असें: कोंकणांतलें घर, शेताची वाट, किल्ल्याचा पायथा, एवढ्यासाठीं थारची २२६ मि.मी. व जिम्नीची २१० मि.मी. मोकळीक पुरेशी आहे. आधीं मूळ मापाचेच, पण खडबडीत वाटेचे टायर घालून एक पावसाळा काढावा. आमच्या पुतण्यानें जुन्या स्प्रिंगा परत बसविल्या. उंच स्प्रिंगा माळ्यावर पडल्या आहेत. पाट देवघरांत परत गेला.