वाटीभर भाजी म्हणजे नेमकी किती?

गेल्या महिन्यात मंठ्याजवळच्या एका खेड्यातून एक सासूबाई गरोदर सुनेला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. सातवा महिना आणि हिमोग्लोबिन अवघे 8. मी विचारले, "हिला हिरवी पालेभाजी देता की नाही?" सासूबाई जरा दुखावल्याच. म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, रोज मेथी नाहीतर पालक असतोच आमच्या घरी. वाटीभर खाते की ती!"

मी पुढे विचारले, "भाजी किती आणता आणि खाणारे किती?"

"एक जुडी. खाणारे सहा."

त्याच संध्याकाळी आम्ही घरी एक प्रयोग केला. बाजारातून मेथीची जुडी आणली. मुळे, जाड देठ काढून निवडली, तेव्हा 200 ग्रॅम पाला उरला. परात गच्च भरली होती. कढईत मात्र ती बघता बघता बसली आणि शिजल्यावर दीडशे मिलिलिटरची आमची वाटी जेमतेम सव्वा भरली. सहा जणांत वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला कच्चा पाला येतो 33 ग्रॅम! शिवाय घरात सून जेवते सर्वांच्या शेवटी, म्हणजे कढईच्या तळाला राहील तेवढे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार सर्वसाधारण प्रौढ माणसाने दिवसाला 400 ग्रॅम भाज्या खाव्यात आणि त्यांत 100 ग्रॅम पालेभाजी असावी. बटाटा यात धरायचा नाही. आणि महत्त्वाचे म्हणजे हे वजन कच्च्या भाजीचे आहे, शिजवलेल्या भाजीचे नव्हे. अमेरिकेतील तक्त्यांप्रमाणे एक कप कच्चा पालक भरतो 30 ग्रॅम, तर तोच कप शिजवून निथळलेल्या पालकाचा भरला तर 180 ग्रॅम. माप एकच, वजन सहापट! रश्श्याच्या भाजीत तर वाटीतला बराच भाग पाण्याचाच असतो.

खरे सांगायचे तर दोष आम्हा डॉक्टरांचाही आहे. आम्ही कागदावर "वाटीभर भाजी" लिहून मोकळे होतो. वाटी कोणती, भाजी कच्ची की शिजलेली, हे सांगत नाही. पथ्याच्या कागदावर जुडी आणि माणसे यांचा हिशोब लिहायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाचकहो, एकदाच एवढे करा. औषधाची 100 मिलिलिटरची रिकामी बाटली स्वच्छ धुऊन तिने पाणी ओतून घरातली वाटी मोजा. सुक्या पालेभाजीचे ग्रॅम त्या मिलिलिटरच्या साधारण पाऊणपट धरा. रोजच्या हिशोबाला मात्र कच्चे वजनच सोपे. सहा माणसांना निवडलेला पाला 600 ग्रॅम, म्हणजे आमच्या जुडीसारख्या तीन जुड्या लागतील. रोज परवडत नसेल तर निदान गरोदर बाईचा वाटा आधी काढून ठेवा. वर लिंबू पिळा आणि जेवणाबरोबर चहा देऊ नका.

आणि एक. भाजी वाढवली म्हणून रक्तवाढीच्या गोळ्या बंद करू नका. हिमोग्लोबिन 8 असताना नुसत्या भाजीने भागत नाही. त्या सुनेला मी गोळ्या लिहून दिल्या. सासूबाईंना मात्र एवढेच सांगितले, "उद्यापासून सून तुमच्या पंगतीला बसू द्या."